दोन शाळिग्राम आणि कारैचा समुद्र

विनायकला नऊ ग्रह पाहायचे होते, मला एकच. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत आणि ती सगळी करायची हे माझ्या नवऱ्याच्या मनात निवृत्तीपासून होतं. माझ्या मनात मात्र कारै होतं. कुंभकोणमहून कोळ्ळिडम नदी ओलांडून गाडीने गेलं की काही तासांत हे गाव लागतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता आणि त्यातले जीव दगड होऊन अजून जमिनीवर पडलेले सापडतात.

मी कराडला कॉलेजात भूविज्ञान शिकवत असे. आमच्याकडे जिकडे पाहाल तिकडे काळा दगड, म्हणजे थंड झालेला लाव्हा. लाव्ह्यात जीवाश्म कुठून सापडणार? मेंढ्याच्या शिंगासारखी गुंडाळी असलेला अमोनाईट हा समुद्रातला जीव मी नोकरीभर मुलांना प्लॅस्टरच्या नमुन्यावरून शिकवला. कपाटातला तो नमुना दोनदा फुटला आणि दोन्ही वेळा मी तो डिंकाने चिकटवला. खरा अमोनाईट त्याच्या स्वतःच्या जमिनीवरून मी कधीच उचलला नव्हता. पोहायला शिकवणाऱ्या बाईने कधी पाणीच पाहिलेलं नसावं, तसं काहीसं.

चेन्नईला गाडी बदलताना माझ्या बॅगेतला हातोडा तपासणीच्या यंत्रात दिसला. पोलीसबाईंनी तो बाहेर काढला आणि "इदु एन्ना?" (हे काय आहे?) असं विचारलं. मी समजावून सांगण्याआधी विनायक हिंदीत म्हणाला, "ये मेरी बीवी है. पत्थर तोडती है." बाईंनी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग विनायककडे असं काही पाहिलं की त्याने नजर खाली घातली. हातोडा त्यांनी माझ्या हातात अगदी हळुवारपणे परत दिला.

सकाळी कुंभकोणम जवळ आलं तेव्हा खिडकीतून भातखाचरं दिसत होती. काही ठिकाणी कापणी होऊन गेली होती आणि पेंढा रस्त्यावर पसरला होता. जमीन अशी सपाट की डोळ्यांना कुठे अडायलाच नको. कावेरीने आणून टाकलेल्या गाळावर हा सगळा मुलूख बसलाय. तासभर पाहूनही मला एक दगड दिसला नाही.

"किती सुंदर आहे!" विनायक म्हणाला.

"मातीच माती," मी म्हटलं.

आमची उतरण्याची सोय माझी विद्यार्थिनी मंजिरी हिच्या सासरी होती. मंजिरी आणि तिचा नवरा बंगळुरूला असतात. इथे तिचे सासरे सेतुमाधवराव आणि त्यांची थोरली बहीण राहते. घराणं मूळचं मराठी, मराठ्यांच्या तंजावरच्या राज्यात आलेलं आणि मग इथलंच झालेलं. सेतुमाधवराव ऑडिटर. खाली ऑफिस, वर घर. पांढरी वेष्टी (लुंगीसारखं धोतर), कपाळावर गंध, खिशाला दोन पेनं. स्टेशनवर त्यांनी हात जोडून विचारलं, "तुम्हीं सुखरूप पावलांत कीं?"

एखादी बखर चष्मा लावून मला न्यायला आली आहे असं मला वाटलं. विनायक तर गोंधळून "होय महाराज" म्हणून गेला.

घरी त्यांच्या बहिणीने, अक्कांनी, पितळी डबऱ्यात (पसरट वाटीत) उभा ठेवलेला कॉफीचा पेला पुढे केला. कॉफी अशी की विनायकने पहिल्या घोटालाच डोळे मिटले. मग अक्का मला म्हणाल्या, "बाई, इडलीसंगें कडप्पा घालूं?"

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा आहे. पृथ्वीवरच्या जुन्या थरांमधला तो काळा दगड मी वर्गात शिकवलाही होता. मी सावधपणे विचारलं, "कडप्पा? खायचा?"

"चांगला मऊ जाहला आहे," अक्का म्हणाल्या.

तो इथला मुगाच्या डाळीचा आणि बटाट्याचा रस्सा निघाला, खोबऱ्याची आणि बडीशेपेची चव असलेला. मी तीनदा घेतला. माझं बोलणं ऐकत अक्का बराच वेळ बसल्या आणि शेवटी भावाला म्हणाल्या, "बाई चांगल्या आहेत. मराठी मात्र हिंदीसारखी वाटते." भाषा शुद्ध असल्याचा माझा जन्मभराचा अभिमान त्या रश्शात विरघळला.

दुपारी आम्ही कुंभेश्वराच्या देवळात गेलो. गावात दगड नव्हते ते का, हे तिथे कळलं. सगळे देवळांनी नेले होते. मी एका खांबापाशी थांबून भिंग डोळ्याला लावलं आणि नाक खांबाला टेकेपर्यंत पुढे झाले. आत गारनेट या खनिजाचे लालसर दाणे चमकत होते. मी इतकी रमले की मागे काय चाललंय ते कळलंच नाही. वळून पाहिलं तर मागे एक रांग लागली होती. पहिल्या बाईने माझ्या जागेवर कपाळ टेकलं, दुसरीने हळद लावली आणि तिसरीने विनायकला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. ह्या खांबाशी काय मागतात, असं ती विचारत असावी. विनायकने नम्रपणे मान हलवली. आम्ही बाहेर पडलो तेव्हा रांग वाढलेली होती.

संध्याकाळी सेतुमाधवरावांनी देवघरातून एक चांदीची डबी आणली. आत शाळिग्राम होता. वर्षानुवर्षांच्या चंदनाने, तेलाने आणि अभिषेकाने काळा-चकचकीत झालेला, लिंबाएवढा. एका बाजूला गुंडाळी स्पष्ट होती. शाळिग्राम म्हणजे अमोनाईटच. नेपाळात गंडकी नदीत सापडतात, हे मी वर्गात सांगत असे.

"बाई, ह्याचें वय सांगा," ते म्हणाले. "आमचे मूळपुरुष काशीस गेले, तेथून गंडकीस, आणि हा घेऊन आले."

मग अक्कांनी राहिलेली गोष्ट सांगितली. घरात शाळिग्राम दोन होते. वाटणी झाली तेव्हा एक सेतुमाधवरावांकडे आला, एक धाकट्या भावाकडे, व्यासरावांकडे. व्यासरावांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे आणि ते दोन गल्ल्यांपलीकडे राहतात. मूळपुरुषांनी आणलेला खरा शाळिग्राम आपलाच, दुसरा मागाहून कुणीतरी आणला, असं दोघांचंही म्हणणं. ज्याच्याकडे खरा, त्याच्या घरी दर वर्षीची समाराधना (कुळाची पूजा आणि जेवण) व्हायची. त्यावरून भावाभावांचं बोलणं थांबलं ते थांबलंच. तेव्हापासून समाराधना एकाच दिवशी दोन्ही घरी होते.

"नातलग दोन्हीकडे जेवतात," अक्का म्हणाल्या. "नातलगांस काय, आनंद. मज मात्र दोन ठिकाणीं जेवायचें वय राहिलें नाहीं. ह्या वेळीं एक घर ठरवा, बाई."

म्हणजे मला इथे उगाच बोलावलं नव्हतं. मंजिरीला मी मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

"पण दगडाचें वय कळतें कसें?" अक्कांनी विचारलं. "त्यास काय जातक (पत्रिका) असतें?"

मी भिंतीकडे बोट केलं. तिथे घरातल्या लग्नांचे फोटो ओळीने लावले होते. "हा फोटो आधीचा की तो?"

अक्कांनी क्षणात सांगितलं, "हा आधींचा. बाह्या पाहा, फुग्याच्या. मग त्या गेल्या. आणि ह्यांत सेतूचे कल्ले पाहा, कानाखालीं उतरले आहेत."

"अमोनाईटचंही तसंच," मी म्हटलं. "त्यांच्या कवचाची नक्षी भराभर बदलत गेली. ज्या थरात जी नक्षी, तो तेव्हाचा. आधी कोण, नंतर कोण, ते नक्षीवरून कळतं. किती कोटी वर्षं, ते ज्वालामुखीच्या राखेसारख्या थरांतल्या खनिजांवरून मोजतात."

सेतुमाधवराव अजून आपल्या कल्ल्यांकडेच पाहत होते.

मी भिंगाने शाळिग्राम पाहिला. एके ठिकाणी काळा थर खरवडला गेला होता आणि आतला रंग तपकिरी दिसत होता. गंडकीचे शाळिग्राम आतूनही काळे असतात. मला शंका आली, ती मी मनातच ठेवली. दुसरा शाळिग्राम पाहिल्याशिवाय आणि कारैची जमीन पाहिल्याशिवाय मी निकाल देणार नाही, असं मी सांगितलं. निकाल पुढे ढकलायचा हा एकच सभ्य मार्ग मला दिसला. त्याचा परिणाम असा झाला की कारैला दोघेही भाऊ निघाले. एकाने बाईंचे कान भरू नयेत म्हणून दुसऱ्याला येणं भाग होतं.

गाडी व्यासरावांची, चालवायलाही तेच. ठेंगणे, गोल, हसऱ्या तोंडाचे. शेजारी विनायक. मागे सेतुमाधवराव, मी आणि मध्ये अक्का. सेतुमाधवरावांच्या मांडीवर त्यांची डबी होती आणि व्यासरावांची डबी अक्कांच्या मांडीवर. घराबाहेर ही मंडळी एरवी आपसांत तमिळच बोलतात. त्या दिवशी मात्र मला कळावं म्हणून सगळी भांडणं मराठीतून झाली.

"बाई, त्यास सांगा, काच वर कर. वारा लागतो."

"बाई, त्यास सांगा, ए.सी. नाहीं. बिघडला आहे."

"त्यास विचारा, दुकान इतकें चालतें तर ए.सी. कां नाहीं?"

मी निरोप पोचवत होते, तोही त्याच गाडीत, एका हाताच्या अंतरावर. कोळ्ळिडमच्या पुलावर अक्कांनी सगळ्यांना चिंचेचा भात दिला, तेव्हा जरा शांतता झाली. नदीचं पात्र रुंद होतं आणि पाणी त्यात एका कडेला वाहत होतं. पलीकडे हळूहळू जमीन बदलली. हिरवं मागे पडलं, माती तांबूस झाली, बाभळी आल्या आणि पहिला खराखुरा दगड दिसला तेव्हा मी ओरडले. व्यासरावांनी करकचून ब्रेक मारला.

"काय जाहलें?"

"दगड!" मी म्हटलं.

 विनायकने मागे वळून सगळ्यांची माफी मागितली.

कारैला गाडी थांबली तिथे समोर झाड नाही, गवत नाही. फिकट पिवळी, राखाडी माती, पावसाने कापून काढलेल्या हजारो घळ्या आणि त्यांच्यामध्ये मातीच्या उंच, अरुंद धारा, सुरीच्या पात्यांसारख्या. मातीतून जिप्समचे पातळ पापुद्रे काचेसारखे चमकत होते. मी गाडीतून उतरले आणि एक पापुद्रा उचलून उन्हात धरला. हा समुद्राचा तळ होता. त्या चिखलात माशांची, शिंपल्यांची, अमोनाईटची पिढ्यान्‌पिढ्या घरं होती.

"समुद्र येथें? समुद्र तर नागपट्टणमास!" व्यासराव म्हणाले.

मी सांगितलं, भारत एके काळी अंटार्क्टिकाला चिकटून होता. दोघांमध्ये भेग पडली, ती रुंदावत गेली आणि तिच्यात समुद्र शिरला. तोच समुद्र पुढे इथवर आत आला. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी आपण उभे आहोत ही जागा पाण्याखाली होती.

"म्हणजे वांटणी जाहली," व्यासराव म्हणाले.

"बाई, त्यास सांगा," सेतुमाधवराव म्हणाले, "तेथेंही धाकट्यानेंच मागितली असेल."

"त्यास सांगा, अंटार्क्टिका थोरला होता. म्हणून तर इतका थंड."

अक्का हसू दाबत पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

आम्ही एका धारेवरून चालू लागलो. विनायकला पेन्सिलीच्या तुकड्यांसारखे लांबट दगड मिळाले. तेही समुद्रातल्याच एका जीवाचे अवशेष. तो ते खिशात घालायचा आणि मी ते बाहेर काढायला लावायची. सेतुमाधवराव वेष्टी सावरत, एका हातात डबी घेऊन, गुळगुळीत चामड्याच्या चपला घालून येत होते. डबी गाडीत ठेवा, असं अक्कांनी सांगितलं होतं. व्यासरावांच्या गाडीत? शक्यच नव्हतं.

मग त्यांचा पाय सुटला. भुसभुशीत मातीवरून ते बसल्या बसल्या घसरले ते थेट घळीच्या तळाशी, डबीचा हात उंच धरून. खाली पोचताच हात आपटला, डबीचं झाकण उडालं आणि शाळिग्राम टुणकन उडी मारून खडकाच्या तुकड्यांत दिसेनासा झाला.

"दादा!" व्यासराव किंचाळले. "अरे मूर्खा! ह्या चपला घालून कोणी उतरतो काय! पाय मोडला कीं काय? बोल ना!"

घळीतून सेतुमाधवरावांचा आवाज आला, "मज कांहीं नाहीं जाहलें रे. देव गेला. देव शोध!"

दोघे कुणालाही मध्ये न घेता बोलल्याचं फक्त अक्कांच्या लक्षात आलं. त्या धारेवरच मटकन बसल्या आणि त्यांनी आकाशाकडे हात जोडले. मला वाटलं देव हरवला म्हणून.

आम्ही सगळे घळीत उतरलो. तळाला पावसाने धुऊन आणलेले तुकडे साचले होते आणि सगळ्यांवर एकाच रंगाची धूळ होती. काळा शाळिग्रामही ओल्या तेलावर धूळ बसून त्यांच्यासारखाच झाला असणार. लिंबाएवढे गोल गोटे बरेच होते. कोणता आपला?

"वास घ्या," वरून अक्का ओरडल्या. "आपल्यास चंदनाचा वास आहे. कापराचा आहे."

त्या भर दुपारी एक ऑडिटर, एक भांड्यांचा व्यापारी, एक नवग्रहांचा भक्त आणि एक निवृत्त प्राध्यापिका गुडघ्यांवर रांगत एकेक दगड नाकाला लावत होते. रस्त्यावरून शेळ्या घेऊन जाणारी एक बाई थांबली, बराच वेळ पाहत राहिली आणि शेळ्यांना जरा लवकर हाकत निघून गेली.

"हा नाही," मी म्हणत होते. "हाही नाही."

"मिळाला!" व्यासराव ओरडले. त्यांनी तुंडूने (खांद्यावरच्या पंच्याने) दगड पुसला, पुन्हा नाकाला लावला आणि तो भावाच्या हातात ठेवला. सेतुमाधवरावांनी तो छातीशी धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, नाकावर माती होती.

विनायक माझ्याकडे पाहत होता. "अगं," तो म्हणाला, "'हा नाही' म्हणून तू टाकलेले ते काय आहेत?"

मी मागे वळले. माझ्या पायाशी मी टाकलेले गोटे पडले होते. त्यातल्या एकावर मेंढ्याच्या शिंगासारखी गुंडाळी होती, तिच्यावर आडव्या कडा, आणि कडांवर बारीक गाठी. माझा पहिला अमोनाईट. आयुष्यभर वाट पाहिली होती, आणि चंदनाचा वास येत नाही म्हणून मी तो फेकून दिला होता! मी तो उचलला. उन्हाने गरम झाला होता. मी हसत होते की रडत होते ते मला आठवत नाही. विनायक म्हणतो, दोन्ही, आणि मोठ्याने.

आता निकाल लांबवता येत नव्हता. व्यासरावांनी आपली डबीही गाडीतून आणली. मी तिन्ही दगड पंच्यावर शेजारी शेजारी ठेवले. तीच गुंडाळी, त्याच कडा, त्याच गाठी. धूळ झटकलेल्या ठिकाणी तोच तपकिरी रंग. मी तोंड उघडण्याआधी सेतुमाधवराव हळूच म्हणाले, "बाई, येथें सगळेच आमचे देव दिसतात."

"दोन्ही इथलेच वाटतात," मी म्हटलं. "एकाच थरातले. गंडकीचा यातला एकही नाही. वाईट वाटून घेऊ नका. मी फक्त दगडाचं सांगू शकते. देवाचं नाही."

"मग काशी?" व्यासरावांनी विचारलं.

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले.  पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट मी एका वाक्यात मोडली होती. तेवढ्यात अक्का हसायला लागल्या. आधी पदराआड, मग उघड्यावर, मग इतक्या की त्यांना ठसका लागला.

"मूळपुरुष घरांत सांगून निघाले, काशीस जातों," त्या म्हणाल्या. "कोळ्ळिडम ओलांडली, ऊन लागलें, आणि येथेंच बसले! दोन गोटे उचलले, कांहीं महिने कोठें तरी जेवले आणि परत आले!"

"कोणाकडे जेवले असतील?" व्यासरावांनी गंभीरपणे विचारलं.

"आपल्या घराण्याचें पाहतां," सेतुमाधवराव म्हणाले, "दोन घरीं." आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

ते शाळिग्राम आहेत की नाहीत, हा प्रश्न अक्कांनी तिथेच मिटवला. इतक्या वर्षांची पूजा त्यांनी घेतली आहे, आतां त्यांस कोण विचारतो कोठले म्हणून, असं त्या म्हणाल्या. समाराधना मोठ्या भावाकडे, दोन्ही देव एका ताटात, आणि स्वयंपाकाची भांडी धाकट्याच्या दुकानातून, हेही त्यांनीच सांगितलं. परतताना मला एकही निरोप पोचवावा लागला नाही. दोघे भाऊ थेट भांडत होते, ए.सी.वरून, रस्त्यावरून, लहानपणीच्या कुठल्याशा सायकलवरून. अक्का माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपल्या.

माझा अमोनाईट मी घळीतच परत ठेवला. विनायकला ते पटलं नाही. पण तो कोणत्या थरात आहे हे सांगायला त्याची जागाच हवी, आणि माझ्या कपाटात त्याला कोणी ओळखलं नसतं. बदल्यात मी उरलेल्या दिवसांत विनायकबरोबर नऊच्या नऊ ग्रह केले. शनीच्या देवळात मी खांबापासून लांब राहिले.

कराडला परतल्यावर बरेच दिवस लोक विचारत होते, काय आणलंस? मी कॉफीची पावडर दाखवायची. मग एकदा जुन्या कॉलेजने एका तासासाठी बोलावलं. विषय माझ्या सवयीचाच होता, भारताचा प्राचीन भूगोल. मी फळ्यावर भारत काढला आणि पूर्व किनाऱ्याशी तो जुना समुद्र दाखवायला निळा खडू घेतला. ही रेघ मी दर वर्षी न बघता ओढत आले होते. ह्या वेळी तमिळनाडूपाशी आल्यावर हात थांबला. मी जरा विचार केला आणि रेघ थोडी डावीकडे, जमिनीच्या बाजूला सरकवली. तिथे, कारैला, आमची गाडी उभी राहिली होती.